मदत हवी आहे : जनरल प्रॅक्टिसमध्ये त्वचेचा कॅन्सर वेळेत कसा हेरायचा?

नमस्कार मंडळी. मी फॅमिली डॉक्टर, प्रॅक्टिसला सतरा वर्षं झाली. इथे त्वचेचे डॉक्टरही आहेत, म्हणून विचारतोय.

मागच्या महिन्यात एक आजी खोकल्यासाठी आल्या. टेबलावर चढताना चप्पल काढली आणि टाचेवर वाटाण्याएवढा काळा डाग दिसला. एका बाजूला कड पसरलेली, मध्ये जरा ओलसर. जुनं कार्ड काढलं तर वर्षापूर्वीची माझ्याच अक्षरातली नोंद : ‘टाचेला कुरूप, कॉर्न कॅप.’ बायोप्सीत मेलानोमा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कॅन्सर, आला. ती ओळ डोळ्यांपुढून हलत नाही.

संशयास्पद तीळ ओळखायचा एबीसीडीई नियम पाठ आहे हो : आकार असमान, कडा वेड्यावाकड्या, रंग एकाहून जास्त, व्यास 6 मिलिमीटरच्या वर, आणि बदल. पण तीळ दाखवायला येतो कोण? सगळे ताप-खोकला घेऊन येतात. त्यात सावळ्या कातडीत हा रोग बरेचदा तळव्यावर नाहीतर नखाखाली निघतो. गाठीसारखा वाढणारा प्रकार तर सुरुवातीला छान गोल, एकरंगी असू शकतो. तिथे उंचवटा, टणकपणा आणि वाढ यांवरच भिस्त.

डर्मोस्कोप (त्वचा मोठी करून दाखवणारं दिव्याचं भिंग) घ्यायचं मनात आहे, पण नीट शिकल्याशिवाय तो हातात असून नसून सारखाच. सुरुवात कुठून करू? आणि नखातल्या काळ्या रेघेचं काय? मार लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं, मान्य. पण पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. तोवर वाट बघायची?

प्रतिसाद १
डॉक्टर, मी त्वचारोगवाला. तळव्यापासूनच सुरुवात करा. ठशाच्या रेषा बघायच्या : रंग खाचांमध्ये असेल तर बहुधा साधा तीळ, कंगोऱ्यांवर असेल तर लगेच पाठवा. खाच कुठली नि कंगोरा कुठला हा घोळ सुरुवातीला सगळ्यांचाच होतो. घामाची छिद्रं कंगोऱ्यावर असतात, पांढऱ्या ठिपक्यांची रांग दिसली की तो कंगोरा.

स्केल ठेवून नखाचा फोटो काढा, महिन्याने परत काढा. मुळाशी स्वच्छ नख आलं तर रक्त. रेघ रुंदावतेय किंवा रंग शेजारच्या कातडीवर उतरलाय, तर महिनाही थांबू नका.

आणि हात जोडून सांगतो, संशय असलेला डाग जाळू नका, वरवर खरवडू नका. कॅन्सरची जाडी मोजता आली नाही तर पुढचे सगळे निर्णय अडतात.

प्रतिसाद २
मीही जीपी. बाकीच्या तिळांत न शोभणारा एखादा दिसला की मी थांबतो, नियमात बसो न बसो. शिवाय ‘हा कधीपासून?’ हे घरच्यांना विचारतो, पाठीवरचं रोग्याला कुठे दिसतं!

धागाकर्ता
आभार. कंगोरे बघायचा सराव स्वतःच्याच तळव्यावर सुरू केलाय. बीपी घेतानाच ‘मोजे काढा’ म्हणायला लागलोय. काल एका काकांनी विचारलं, ‘बीपी आता पायाला घेता काय?’