'ब्वेना व्हिस्टा' पाहून क्यूबा कळतो का?

खारेपाट
आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांच्या वंशजांचं संगीत आणि त्यावरचे माहितीपट हा माझा जुना नाद. असे माहितीपट पाहिले की दुसरी संस्कृती समजते, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. त्यातले बरेचसे आपल्याला समजल्याचं समाधान देतात आणि पुढचे प्रश्न तिथेच मिटवून टाकतात.

विम वेंडर्सचा 'ब्वेना व्हिस्टा सोशल क्लब' (१९९९) घ्या. अमेरिकन गिटारवादक राय कूडर हवानात येतो, बाजूला पडलेले म्हातारे गायक-वादक पुन्हा एकत्र गातात आणि अखेर न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट. संगीत अप्रतिम, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या क्लबचं नाव घेतलं, तो मुळात होता कशासाठी? १९५९च्या क्रांतीपूर्वीच्या हवानात करमणुकीचे क्लबही वर्णाप्रमाणे वेगळे असत. गोऱ्यांच्या क्लबात काळ्यांना मज्जाव, म्हणून त्यांनी आपल्या सोसायट्या काढल्या. मारियानाओ भागातला हा त्यांपैकीच एक. क्रांतीनंतर नव्या सरकारने भेद संपवायचा म्हणून असे क्लबच बंद केले. गोऱ्यांचे गेले तसे काळ्यांनी स्वतः उभे केलेलेही गेले, आणि तिथे वाजवणाऱ्यांची रोजीरोटीही. खरी गोष्ट ही आहे. सिनेमात मात्र उघड्या गाडीतून फिरत क्लबची जागा विचारली जाते, शेजारीपाजारी वेगवेगळे पत्ते सांगतात, आणि आपण गालात हसतो.

आणखी एक. १९९६ सालचं ते ध्वनिमुद्रण मुळात पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाचे वादक आणि क्यूबाचे वादक एकत्र आणण्यासाठी ठरलं होतं. मालीचे वादक येऊ शकले नाहीत, मग जे जमलं ते निव्वळ क्यूबन झालं. क्यूबातल्या जुन्या जाणत्यांना शोधून आणण्याचं काम हुआन दे मार्कोस गोन्सालेसचं. पडद्यावर मोठा दिसतो तो कूडर.

अर्धमात्रा
साफ असहमत. तुम्ही दीड-पावणेदोन तासांच्या सिनेमाकडून पीएच.डी.चा प्रबंध मागताय.

सिनेमातला गायक इब्राहिम फेरेर गाणं सोडून बूट पॉलिश करत होता. रुबेन गोन्सालेससारख्या पियानोवादकाकडे वाजवण्याजोगा पियानो नव्हता. या माणसांनी नंतर जग पाहिलं, पैसा पाहिला. २००० साली फेरेरला लॅटिन ग्रॅमी मिळालं. क्लबचा इतिहास सांगणारा एखादा शुष्क माहितीपट काढला असता तर तो किती जणांनी पाहिला असता? तुम्ही तरी? आधी माणूस आवडावा लागतो, मग त्याच्या इतिहासात रस वाटतो. तुम्ही मारियानाओपर्यंत पोचलात ते या सिनेमाचं बोट धरूनच ना?

खारेपाट
ग्रॅमीचं बरं आठवलं तुम्हाला. तो पुरस्कार 'सर्वोत्तम नवोदित कलाकार' म्हणून होता, वयाच्या ७३व्या वर्षी! पाचो आलोन्सोच्या वाद्यवृंदात वर्षानुवर्षं गायलेला माणूस नवोदित ठरला, कारण बाहेरच्यांच्या कानावर तो नव्याने पडला. माझा मुद्दा तुम्हीच मांडलात, आभार.

कानसेन
दोघेही एक गोष्ट विसरताय. नव्वदच्या दशकात हवानातली पोरं ज्यावर नाचत होती तो टिंबा, म्हणजे तिथलं तेव्हाचं नवं नाचाचं संगीत, या सिनेमात नाही. लोस वान वान हा वाद्यवृंद १९६९पासून वाजवतायत, एन-जी ला बांदा ऐंशीच्या दशकाअखेरीपासून. भर उन्हाळ्यात रस्त्यावर यांचं संगीत, आणि परदेशी प्रेक्षकाला मात्र वाटतं की क्यूबाचं संगीत १९५९ला झोपलं ते कूडरने येऊन जागं केलं. सिनेमातली गायिका ओमारा पोर्तुओन्दो तर क्यूबात कधीच विस्मरणात गेली नव्हती.

जुन्या गाड्या, पापुद्रे निघालेल्या भिंती, सिगार. पर्यटन खात्याला वेगळी जाहिरात करायची गरजच उरली नाही.

(कूडरला मात्र निर्बंध मोडून क्यूबात काम केल्याबद्दल अमेरिकी सरकारने दंड ठोठावला होता. तेव्हा त्याच्यावर फार डाफरू नका, त्याने पदरमोडही केलीये.)

नेहमीचीच
एकाच सिनेमावरून सगळ्याच माहितीपटांबद्दल मत कसं ठरवता? 'द लँग्वेज यू क्राय इन' (१९९८) बघा. अमेरिकेत जॉर्जियाच्या किनाऱ्यावर हॅरिस नेक नावाचं गाव. तिथल्या अमेलिया डॉली या बाईकडून लॉरेन्झो टर्नर या काळ्या भाषाशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात एक गाणं मुद्रित केलं. आईकडून मुलीकडे आलेल्या पाच ओळी, अर्थ घरात कुणालाच ठाऊक नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनच्या एका विद्यार्थ्याने भाषा ओळखली: मेंडे. पुढे १९९०मध्ये जोसेफ ओपाला, सिंथिया श्मिट आणि ताझिएफ कोरोमा हे अभ्यासक त्या देशात गावोगाव हिंडले. सेनेहुन न्गोला गावातल्या बेंदू जबातीला तेच गाणं येत होतं. अंत्यविधीत बायका म्हणत ते. यादवी युद्धामुळे भेट लांबली, अखेर १९९७मध्ये अमेलियाची मुलगी मेरी मोरन त्या गावात गेली.

इथे कुणी बाहेरचा येऊन म्हाताऱ्यांना 'शोधून' काढत नाही. गाणं दोन्हीकडच्या बायकांनी सांभाळलेलं होतं, अभ्यासकांनी फक्त मधली वाट जोडली. याला समजून घेणं म्हणायचं नाही तर कशाला?

अर्धमात्रा
+१. आता बोला, खारेपाट.

खारेपाट
हा माहितीपट मलाही आवडतो, त्यामुळे हात थोडा आखडतो. टर्नरने मुळात किती मोठं काम केलं! गल्ला लोकांची, म्हणजे त्या किनाऱ्यावरच्या गुलामांच्या वंशजांची, बोली म्हणजे मोडकी इंग्रजी असं गोरे विद्वान म्हणत, त्याने १९४९च्या पुस्तकात त्यात आफ्रिकी भाषांचा साठा दाखवून दिला.

पण हॅरिस नेकचं पुढे काय झालं माहीत आहे? १९४२मध्ये सरकारने युद्धासाठी धावपट्टी हवी म्हणून ते गाव रिकामं करवलं. आज तिथे पक्षी अभयारण्य आहे आणि वंशज अजून जमिनीसाठी भांडतायत. गाणं जुळलं की प्रेक्षक डोळे पुसतो. जमिनीचं नाव काढलं की तोच म्हणतो, हे राजकारण झालं, संगीताबद्दल बोला.

कोकणकडा
क्यूबा, जॉर्जिया ठीक. जंजिऱ्याचं काय? आपण तिकडे जातो, तोफा पाहतो, फोटो काढून परत येतो. १९४८पर्यंत आफ्रिकी वंशाच्या सिद्दींचं राज्य होतं तिथे. गुजरातेत सिद्दींचं धमाल नावाचं नाचगाणं आहे, बावा गोरच्या दर्ग्यात ढोल घुमतात, नारळ उंच उडवून डोक्यावर फोडतात. त्यांचं मलुंगा नावाचं धनुष्यासारखं वाद्य ब्राझीलच्या बेरिंबाऊचं सख्खं भावंड वाटतं. नझीर जयराझभॉय आणि एमी कॅटलिन-जयराझभॉय या अभ्यासक जोडप्याने यावर माहितीपटही केलेत. इथल्या किती जणांनी पाहिलेत? की आफ्रिकी संगीत म्हटलं की आपल्याला अटलांटिकच दिसतो?

कानसेन
मुद्दा बिनतोड. पण मंचावर धमाल येतं तेव्हा काय होतं तेही बघा. मोरपिसं, रंगवलेले चेहरे, आणि निवेदक म्हणतो "आफ्रिकी आदिवासी नृत्य". शतकानुशतकं गुजरातीत बोलणारी, दर्ग्यात नवस फेडणारी माणसं आहेत ती. कॅमेरा नेमका पिसांवर थांबतो.

अर्धमात्रा
पिसं त्यांनीच निवडली असतील तर? मंचावर काय घालायचं आणि बिदागी किती घ्यायची हे कलाकाराने ठरवावं, की इथे बसून आपण?

खारेपाट
कलाकाराने ठरवावं, शंभर टक्के. पण मग माहितीपटवाल्याने दर्ग्यातलं धमाल आणि कार्यक्रमातलं धमाल दोन्ही दाखवावं, आणि बिदागीचा आकडाही. आहे असा एखादा? नाव द्या, आज रात्रीच बघतो.