पोटाचे आवाज येईपर्यंत पेशंटला उपाशी का ठेवायचं?

सर्जिकल वॉर्ड
ऑपरेशननंतर दर पाळीला सिस्टर स्टेथोस्कोप लावते आणि चार्टवर ‘बॉवेल साउंड्स प्लस’ (आतड्याचे आवाज आहेत) नाहीतर ‘निल’ (नाहीत) लिहिते. ‘निल’ असेल तर पेशंट आणखी एक दिवस सलाईनवर. तोंडाने सुरू करायचं की नाही हे आवाजावर ठरवणं बंद व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

लहान आतडं ऑपरेशननंतर काही तासांत, फार तर २४ तासांत हलायला लागतं. जठराला २४ ते ४८ तास लागतात, मोठ्या आतड्याला ४८ ते ७२. ऐकू येणारी गुडगुड यातली कुठली, हे कान सांगू शकत नाही. त्यामुळे आवाज आले म्हणून मोठं आतडं सुरू झालं असं नाही, आणि मिनिटभर आले नाहीत म्हणून सगळं ठप्प असंही नाही. रेकॉर्ड केलेले आवाज डॉक्टरांना ऐकवून अडथळा कुठला आणि इलियस (अडथळा नसताना आतडं थंडावणं) कुठला असं विचारलं, तेव्हाही त्यांची उत्तरं फारशी जुळली नाहीत. वारा सरला का, शौचाला झाली का, घोटघोट दिलेलं पाणी उलटी न होता टिकलं का, या खऱ्या खुणा.

रात्रपाळी
अजिबात पटलं नाही. आवाज ऐकायचे ते बिघाड लवकर कळावा म्हणून. कळ येते, पोट मुरडतं आणि नेमकं तेव्हाच बारीक, टणटणीत, वरच्या पट्टीतले आवाज येतात, हे आतड्याच्या अडथळ्याचं चित्र. काही तासांनी तेच पोट शांत झालं, कळांऐवजी सलग दुखू लागलं आणि नाडी १२० वर गेली, तर आतडं थकलंय किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटतोय. कळा थांबल्या म्हणून पेशंटला बरं वाटतंय असं समजणं इथे जिवावर बेतू शकतं. ज्या ग्रामीण रुग्णालयात रात्री सीटी स्कॅन होत नाही, तिथे सिस्टरकडे डोळे, हात आणि स्टेथोस्कोप एवढंच असतं. त्यातलं एक काढून घेऊ नका.

दोष आहे तो ऐकण्याच्या पद्धतीत. गाऊनवरून दहा सेकंद लावून ‘निल’ लिहितात. रायल्स ट्यूबचं (नाकातून जठरात घातलेल्या नळीचं) पाणी ओढणारं सक्शन चालूच असतं, त्याचाच आवाज आतड्याचा म्हणून नोंदला जातो. आधी सक्शन बंद करा, स्टेथोस्कोपची चकती (डायफ्रॅम) तळहातावर कोमट करा, उजव्या बाजूला खाली, जिथे लहान आतडं मोठ्याला मिळतं, तिथे हलकेच टेकवा. मिनिटाला ५ ते ३० आवाज साधारण नॉर्मल. ‘नाहीत’ असं लिहिण्याआधी पूर्ण पाच मिनिटं ऐकायलाच हवं.

सर्जिकल वॉर्ड
अडथळ्याची शंका असेल तिथे ऐकाच, त्याला माझी ना नाही. पण तीस खाटांच्या वॉर्डात दोन सिस्टर असताना प्रत्येकाला पाच मिनिटं द्यायची कुठून? म्हणूनच दहा सेकंदांत ‘निल’ लिहिलं जातं. तोच वेळ पोटाच्या घेराला द्या. बेंबीच्या पातळीवर दोन्ही कुशींना पेनने खूण करा, टेप रोज त्याच खुणांवरून, श्वास सोडलेला असताना. टेप जरा तिरका गेला तरी दोन सेंटिमीटरचा फरक पडतो आणि खोटी सूज दिसते. सोबत रायल्सच्या पाण्याचा रंग आणि माप, लघवी ताशी किलोला अर्धा मिली होतेय का, नाडी. आतड्याचा जोड सुटतोय हे नाडी बऱ्याचदा तापाच्याही आधी सांगते.

लेबर रूम
या वादाची खरी किंमत बाळंतिणी मोजतात. गुंतागुंत नसलेल्या सिझेरियनमध्ये आतड्याला कुणी हात घातलेला नसतो, तरी ‘गॅस पास झाल्याशिवाय काही नाही’ म्हणून तिला दिवसभर कोरडं ठेवतात. ईरास (ऑपरेशननंतर लवकर बरं होण्यासाठीच्या) पद्धतीत तर दोन तासांतच खायला द्या असं सांगितलंय. जरा मळमळेल, तेव्हा थोडं थांबून पुन्हा द्यायचं. लवकर उठवून चालवलं, गुंगीची वेदनाशामकं कमी ठेवली, की वारा आपसूक सरतो. पथ्य म्हणून उपाशी ठेवू पाहणाऱ्या सासूबाईंना हे शांतपणे समजवावं लागतं, तेही नर्सिंगच आहे.

ट्यूटर
वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण तो नियम सरसकट लावू नका. आतडं कापून जोडलं असेल तर फीड सर्जनच्या लेखी ऑर्डरनेच.

विद्यार्थिनींच्या बाबतीत मात्र मी रात्रपाळीच्या बाजूने. पाहणं, ऐकणं, ठोकणं, दाबणं, हा क्रम मी सोडू देणार नाही. आधी दाबलं की पेशंट पोट आवळून घेतो, मग पुढचं काहीच नीट कळत नाही. लघवी करवून घ्या, गुडघे दुमडा, दुखरी जागा सर्वांत शेवटी आणि नजर पोटावर नाही तर चेहऱ्यावर. पोटात धडधडती गाठ दिसली किंवा लहान मुलाला किडनीच्या गाठीची शंका असली, तर खोल दाबायचंच नाही. पोट फळीसारखं कडक लागलं तर पुन्हा पुन्हा दाबून खात्री करत बसू नका, थेट सर्जनला फोन.

रात्रपाळी
सिझेरियनचं मान्य. पण आवाज मंद आहेत, पोट मऊ आहे, दुखत नाही, अशा पेशंटचं पोटॅशियम पाहिलंय का, हे इथे कुणीच विचारलं नाही. ते ३.५ च्या खाली घसरलं की आतडं सुस्त पडतं आणि रायल्समधून ओढलेल्या पाण्याबरोबर पोटॅशियम जातच असतं. ट्रामाडॉल हे गुंगीचं वेदनाशामक किती वेळा गेलंय तेही बघा. या दोन्हीचा विचार सुचतो तो स्टेथोस्कोप लावल्यामुळेच. म्हणून ‘निल’ एवढंच लिहून पान उलटू नका. किती मिनिटं ऐकलं, सक्शन बंद होतं का, हेही त्याच ओळीत लिहा.