चमक पांढऱ्यात नसते

समोर बसून तैलरंगात होड्यांचं चित्र काढताना पाण्यावरची चमक फिकी पडते, म्हणून टिटॅनियम व्हाइट हा पांढरा रंग अजून जाड लावा, हा या चर्चेत कुणीतरी दिलेला सल्ला मला अर्धाच पटतो. जाड थर हवाच, पण शेवटी आणि मोजक्या चार-पाच ठिकाणी. टिटॅनियम व्हाइट मुळातच थंड आणि झाकणारा रंग, जास्त मिसळला की ऊन खडूसारखं दिसतं. मी आधी बाकीचं चित्र एक-दोन पायऱ्यांनी गडद करते. आकाशसुद्धा. मग पांढऱ्यात किंचित कॅडमियम यलो मिसळून दिलेला एक फटकारा पुरतो.

पाण्यातल्या प्रतिबिंबांबद्दल चर्चेत कुणीच लिहिलं नाही. पांढऱ्या होडीचं प्रतिबिंब होडीपेक्षा थोडं गडद असतं आणि काळ्या होडीचं थोडं उजळ. मी कितीतरी दिवस दोन्हीकडे एकच रंग लावत होते आणि पाणी आरशासारखं का दिसतंय म्हणून डोकं खाजवत होते! दुसरी गोष्ट सावल्यांची. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, त्यात भरती-ओहोटी बदलली की नांगरलेली होडी तोंडच फिरवते. एकदा दीड तास एका होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर घालवला, मान वर केली तर समोर तिची मागची बाजू. तेव्हापासून टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाने पहिल्या वीस मिनिटांत सगळ्या सावल्या मांडून टाकते आणि नंतर त्यांना हात लावत नाही, समोर काहीही दिसो. वरचे थर मात्र तेलाचं प्रमाण वाढवतच द्या, नाहीतर पुढे तडे जातात.