क्रोशे गटाची दिवाळीची वर्गणी: पैसे कुणाच्या खात्यात घ्यावेत आणि टोप्या कुठल्या दोऱ्याच्या?

मुकाखांब, डोंबिवली

नमस्कार मंडळी. दिवाळीला अजून दीड महिना आहे, म्हणून आत्ताच विचारते.

आम्ही चौतीस जणी आहोत. सहा वर्षांपूर्वी सकाळच्या लोकलच्या लेडीज डब्यात चौघींनी क्रोशे सुरू केलं, त्याचा हा गट झाला. आता बऱ्याच जणी निवृत्त झाल्यात. दोघी नाशिकला असतात, एक बंगळुरूला लेकाकडे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो, बाकी रोजचं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर.

दर दिवाळीला आम्ही कॅन्सरच्या उपचारांसाठी मुंबईत येणाऱ्या बाहेरगावच्या पेशंटांसाठी काहीतरी करतो. कारण माझ्या घरातलं आहे. माझी धाकटी बहीण सोलापूरहून परळला टाटा हॉस्पिटलमध्ये यायची. माझं घर डोंबिवलीत, म्हणून तिच्या डोक्यावर छप्पर होतं. पण पहाटेच्या गाडीनं तिला घेऊन परळला पोचले की फुटपाथवर प्लास्टिक अंथरून बसलेली कुटुंबं दिसायची. स्टोव्ह, पिशव्या, फायलींचं गाठोडं, आणि मध्ये मास्क लावलेलं पोर. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, लहान मुलांसाठी सेंट ज्यूड्स अशी ठिकाणं आहेत आणि ती फार मोठं काम करतात, पण येणारी माणसंही देशभरातून येतात. तो फुटपाथ माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही ४१,३०० रुपये जमवले. सगळे माझ्या खात्यात आले. त्यातून दोऱ्याचे ११,८५० आणि कुरियरचे १,४०० गेले, उरलेले २८,०५० एका संस्थेला दिले. हिशेब पैशापैशापर्यंत बरोबर होता. तरी तीन गोष्टी मनाला लागून राहिल्या.

एका मैत्रिणीचे ५०० रुपये यादीत चढवायचे माझ्याकडून राहिले. तिनं तीन दिवस काही म्हटलं नाही. चौथ्या दिवशी मीच बँकेचं पान तपासताना सापडले. मी ३१ वर्षं पोस्टात काउंटरवर होते, लोकांची पासबुकं भरली. त्या तीन दिवसांत तिला काय वाटलं असेल, या विचारानं मला झोप आली नाही.

दुसरं, पावती माझ्या एकटीच्या नावे आली. दोघींना करासाठी हवी होती, त्यांना देता आली नाही.

तिसरं सगळ्यात वाईट. केमोनं केस गेलेल्यांसाठी आम्ही ६२ टोप्या पाठवल्या होत्या. मार्चमध्ये एका ठिकाणी गेले तर आमचा खोका सुतळीसकट तसाच कोपऱ्यात होता. मी त्यांना दोष देत नाही. काय हवंय हे आम्ही विचारलंच नव्हतं. चौतीस जणींनी रात्री टीव्हीसमोर बसून विणलेल्या टोप्या होत्या त्या.

माझी आत्या हिंगण्याच्या महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेसाठी भाऊबीज गोळा करायची. भर दुपारी छत्री आणि पावतीपुस्तक घेऊन वाड्यावाड्यांत फिरायची. कुणी एक रुपया दिला तरी पावती फाडायची, आणि स्थळप्रतीवर नाव नीट लिहिलंय ना हे देणाऱ्याला दाखवायची. मुलींच्या शिक्षणासाठी भावानं घातलेली ओवाळणी आहे ही, म्हणायची. मला यंदा तसं करायचंय. नोंदणी नसलेल्या, आपल्यासारख्या हौशी गटानं पैसे कसे एकत्र करावेत? आणि टोप्या करायच्या की नाहीत?

---

ताळेबंद, पुणे

ताई, मी करसल्लागाराच्या ऑफिसात काम करतो आणि आमच्या सायकल ग्रुपचा हिशेब बघतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, पैसे तुमच्या खात्यात घेऊच नका. तुमच्यावर अविश्वास म्हणून अजिबात नाही. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात एकूण ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम मोबदल्याशिवाय खात्यात आली, तर ती तुमचं उत्पन्न धरली जाऊ शकते. तुम्ही ती पुढे दिली हे खरं, पण समजावून सांगण्याचं काम तुमच्यावर येतं. तुम्ही ४१,३०० वर होतात. यंदा चार जणी वाढल्या आणि हात थोडा सैल सुटला की ती रेघ ओलांडली.

त्यापेक्षा प्रत्येकीनं संस्थेच्या खात्यात थेट भरावेत. संस्थेशी आधी बोलून ठेवा की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आमच्या गटाकडून रकमा येतील, आणि शेऱ्यात सगळ्यांनी एकच शब्द लिहा, समजा 'क्रोशे दिवाळी'. शेवटी त्या शब्दाखाली एकूण किती जमले ते संस्थेकडून मागून घ्या. पावती जिची तिच्या नावे येईल.

८०जी, म्हणजे देणगीवरची करसूट, हवी असेल तर पॅन द्यावा लागतो आणि संस्थेला ती मान्यता आहे ना हे आधी बघायचं. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिलेत तर त्या रकमेवर सूट नाही. वस्तूंवर नाही, म्हणजे टोप्या आणि दोरा त्यात धरता येणार नाही. आणि ज्यांनी नवी करप्रणाली घेतलीय त्यांना ही सूटच नाही. हे मैत्रिणींना आधी सांगा, नाहीतर मार्चमध्ये तुमचा फोन वाजत राहील.

दोऱ्याचा खर्च देणगीतून काढू नका. दोरा जिचा तिनं आणावा, किंवा त्याची वेगळी छोटी वर्गणी काढा. देणगी म्हणून दिलेला रुपया अख्खा पोचला पाहिजे.

आणखी एक. गणपती मंडळं वर्गणीआधी धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क ची परवानगी घेतात, ते उगीच नाही. मैत्रिणींनी आपसात ठरवून दिलेले पैसे ही वेगळी गोष्ट आहे. पण सोसायटीच्या गेटवर डबा ठेवणं किंवा फेसबुकवर अनोळखी लोकांना आवाहन करणं परवानगीशिवाय नको.

---

मुकाखांब

खूप आभार. ५०,००० ची गोष्ट मला खरंच ठाऊक नव्हती.

पण एक अडचण आहे. आमच्यातल्या पाच जणींना फोनवरून पैसे पाठवता येत नाहीत. त्या भाजीच्या पैशांतून वाचवलेल्या नोटा माझ्या हातावर ठेवतात. एक जण ५१ रुपये देते. दर वर्षी, न चुकता. गेल्या वर्षी मी रकमांसकट यादी गटावर टाकली आणि त्यानंतर ती दोन बैठकांना आली नाही. तिच्या ५१ ची किंमत मला माहीत आहे. थेट भरा म्हटलं तर या पाच जणी गळतील, आणि मला एकही गळायला नकोय.

---

ताळेबंद

मग रोख घ्या, पण एकटीनं मोजू नका. दोघींनी मिळून मोजायचं, वहीत दोघींच्या सह्या, आणि त्याच आठवड्यात दोघींनी संस्थेत जाऊन पावती करायची. यादीत नावं असू देत, रकमा नकोत. प्रत्येकीला तिचा पावती क्रमांक एकटीला कळवा. गटावर फक्त एकूण आकडा.

---

चौकोन, चेन्नई

ताई, मी मूळची सांगलीची, इथे वीस वर्षं आहे. २०१६ च्या जानेवारीत चेन्नईत त्या वेळचं जगातलं सगळ्यात मोठं क्रोशेचं पांघरूण झालं, ११,१४८ चौरस मीटरहून मोठं, गिनेसमध्ये नोंद आहे. देशभरातल्या बायकांनी तुकडे विणून पाठवले होते. विक्रम झाल्यावर ती पांघरुणं गरजूंना वाटली. पैसे नसलेलीकडेही हात आणि वेळ असतो, म्हणून विणणं बंद करू नका.

---

रात्रपाळी, नवी मुंबई

मी नर्स आहे. बारा वर्षं कॅन्सरच्या वॉर्डात काढली, त्यामुळे टोप्यांबद्दल बोलायचा मला हक्क आहे असं वाटतं.

तुमच्या त्या ६२ टोप्या कुठल्या दोऱ्याच्या होत्या? अ‍ॅक्रिलिक लोकर असणार. मुंबईत ती कोण घालणार? केमो सुरू झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत केस जायला लागतात. तेव्हा टाळू इतकी हळवी होते की उशीचं कापडसुद्धा टोचतं. त्यावर लोकर घातली की घाम, खाज, पुरळ. पेशंट बिचारे तोंडावर छान आहे म्हणतात आणि पिशवीत ठेवून देतात.

मऊ सुती दोरा घ्या. चकाकणारा, जरीचा, केसाळ नको. मॅजिक रिंग, म्हणजे टोपी जिथून सुरू होते तो दोऱ्याचा फास, घट्ट ओढून टोक आत नीट ओवून टाका, तिथं गाठ राहिली तर आडवं पडल्यावर नेमकी टाळूच्या मागे रुतते. बटणं, मणी, टिकल्या काही लावू नका. लहान मुलांच्या टोपीला तर अजिबात नको, ती तोंडात घालतात. विणून झाल्यावर बिनवासाच्या साबणानं धुवा, पूर्ण वाळवा, एकेक टोपी वेगळ्या पिशवीत बंद करा आणि वर डोक्याचा घेर लिहा. या पेशंटांची प्रतिकारशक्ती खाली गेलेली असते. घरात मांजर असेल तर दोऱ्याची टोपली तिच्यापासून लांब ठेवा. उदबत्तीच्या कपाटात ठेवलेली टोपीही नको, केमोमध्ये वासानं उलटी होते.

आणि दिवाळीत आणू नका. दिवाळीत फराळाचे डबे, ब्लँकेटं, खेळणी यांचा ढीग लागतो, ठेवायला जागा नसते. जानेवारी-फेब्रुवारीत कुणी फिरकत नाही. पैसे दिवाळीत द्या, टोप्या नंतर. आधी फोन करून मोठ्यांच्या किती आणि मुलांच्या किती ते विचारा.

---

धाकटी, सोलापूर

ताई, मला कुणीतरी ही लिंक पाठवली. तुझं लिहिणं आहे हे ओळखायला नावाची गरज नव्हती.

माझ्या बाजूचं सांगते. तू पहिली टोपी विणलीस ती लाल लोकरीची. मी ती हॉस्पिटलात जाताना घालायचे आणि गाडीत बसले की काढायचे, तुला दिसू नये म्हणून. फार खाजायची. आज पहिल्यांदाच सांगतेय. दुसरी सुती, फिकट गुलाबी, ती मी आठ महिने रोज रात्री घालून झोपले. दिवसा पदर घेता येतो, स्कार्फ बांधता येतो. रात्री पंख्याखाली डोकं उघडं पडायचं आणि गार वाटायचं, त्याला काही उपाय नव्हता. तेव्हा लोकांना सांग, झोपताना घालायच्या टोप्या करा. पातळ, कानावर येणाऱ्या. आणि पांढऱ्या करू नका. तिथं सगळंच पांढरं असतं.

पैशांचं म्हणशील तर औषधांना योजना असतात, कुणी ना कुणी फॉर्म भरून देतं. अडतं ते बारीकसारीक ठिकाणी. पेशंटबरोबर आलेल्या माणसाची मजुरी बुडते. रिपोर्ट एक दिवस पुढे गेला की आणखी एक दिवस जेवण, रिक्षा, फोनचं रिचार्ज. माझ्या शेजारी जळगावची एक बाई बसायची. तिचा नवरा सकाळपासून एक वडापाव दोघांत पुरवायचा आणि तिला म्हणायचा, मी खाऊन आलोय. संस्थेला विचार की राहणं-जेवणासाठी आम्ही दिलं तर चालेल का.

अजून एक, हे तुझ्या गटातल्या बायकांसाठी. मुंबईची साईशा इंडिया ही संस्था स्तन काढलेल्या बायकांसाठी सुती दोऱ्याचे हातानं विणलेले स्तन फुकट देते. हलके असतात, घामानं चिकटत नाहीत. ज्यांचा हात सफाईचा आहे त्यांनी तिकडे विचारावं. ज्या बाईला ते लागतात ती कुणाला सांगायला जात नाही.

---

मुकाखांब

तुझं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. लाल टोपी. मी आणखी दोन तशाच विणून ठेवल्या होत्या.

काल गटाची बैठक माझ्याकडे झाली, तिथं सगळं वाचून दाखवलं. ठरलं ते असं.

ज्यांना जमतं त्या वसुबारस ते भाऊबीज या दिवसांत थेट संस्थेच्या खात्यात भरतील, शेऱ्यात एकच शब्द. रोख पाच जणींची मी आणि नाशिकची मैत्रीण मिळून मोजणार, दोघींच्या सह्या. भाऊबीजेनंतरच्या सोमवारी मी आणि त्या पाच अशा आम्ही सहाही जणी डोंबिवलीहून एकत्र जाऊ. ज्या पाच जणींच्या हातून नोटा आल्या त्यांच्याच हातात पावती पडावी, असं मला वाटलं. नाशिकची रेल्वेनं येईल. ५१ वाली काल आली होती. रकमा गटावर टाकणार नाही म्हटल्यावर ती काही बोलली नाही, पण निघताना तिनं माझ्याकडून सुती दोऱ्याच्या दोन गुंड्या मागून घेतल्या.

मी आज एका धर्मशाळेत फोन केला. जेवणाच्या खर्चासाठी देणगी चालेल म्हणाले, आणि टोप्यांचं विचारल्यावर म्हणाले, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चाळीस आणा, त्यातल्या पंधरा मुलांच्या.

रात्रपाळीताई, हे माप बरोबर आहे का ते सांगा, मग सगळ्यांना पाठवते. मोठ्या बाईच्या डोक्याचा घेर ५४ सेंटिमीटर धरला, टोपी थोडी ताणली जाते म्हणून ५० ची करायची. मॅजिक रिंगमध्ये १२ खांब (उभे टाके), पुढच्या फेरीत २४, मग ३६, असे दर फेरीला १२ वाढवत जायचे. वर्तुळ १६ सेंटिमीटर रुंद झालं की वाढवणं थांबवून सरळ विणत खाली यायचं. कानावर यावी म्हणून नेहमीपेक्षा दोन फेऱ्या जास्त. कडेला मुक्या खांबांची (आखूड टाक्यांची) एकच फेरी, सैल हातानं.

---

रात्रपाळी

बरोबर आहे. मुलांसाठी वय विचारू नका, घेर विचारा. आणि एक टोपी आधी स्वतः घालून रात्रभर झोपून बघा.

---

मुकाखांब

आज रात्री घालून झोपते. फिकट जांभळी झालीय.