एकट्याने खेळता खेळता टोळीत कसे आलात? (स्ट्रॅटेजी गेमवाल्यांचे अनुभव)

नौपाडकर
आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. सामान बांधताना एक सीडी सापडली. तिच्यावर बाबांच्या अक्षरात मार्करने लिहिलंय, 'एज ऑफ एम्पायर्स २. फेकू नये.' खोक्यांमध्येच बसून राहिलो.

२००१ पासून मी हा गेम एकटाच खेळायचो. चहूबाजूंनी भिंत, आत शेतं, २-२ तास राज्य सजवायचं आणि मग सावकाश कॉम्प्युटरला हरवायचं. २०१९ ला गेमची नवी आवृत्ती, डेफिनिटिव्ह एडिशन, आली. लॉकडाऊनमध्ये पहिल्यांदा ऑनलाइन उतरलो आणि २० मिनिटांत खेळ खलास. समोरच्याने मात्र लिहिलं, तुझं टाउन सेंटर (जिथे व्हिलेजर म्हणजे कामकरी तयार होतात ती इमारत) रिकामं बसलं होतं, रेकॉर्डिंग उघड, दाखवतो. पाऊण तास दाखवत होता. एक व्हिलेजर बनवायला ५० फूड आणि २५ सेकंद लागतात. ते २५ सेकंद वाया गेले की तेवढी लाकडं, तेवढं धान्य पुढे कायमचं कमी. इतक्या वर्षांत कॉम्प्युटरने मला हे कधी सांगितलं नव्हतं.

तो पोलंडचा. त्याच्या डिस्कॉर्डवर (गेमवाल्यांच्या गप्पांच्या ग्रुपवर) गेलो तर तिथे एक जण कोपरीचा निघाला! पूल ओलांडला की त्याचं घर. आता आम्ही ९ जण आहोत. तुमचं कसं झालं? लिहा.

ऐरोली_सेक्टर८
गेममधलं शिकारीचं डुक्कर ओढून टाउन सेंटरपाशी आणायचं असतं हे मला ऑनलाइन आल्यावरच कळलं. तोवर माझे व्हिलेजर डुकराच्या मागे जंगलात जाऊन मरायचे. गाडीत आहे, सविस्तर नंतर.

मेथीची_जुडी
३ वर्षं मी माइक बंद ठेवून खेळले. बाईचा आवाज ऐकून काय काय बोलतात ते ऐकून होते. एकदा टीम गेममध्ये डाव्या बाजूने घोडेस्वार आले, टाइप करायला वेळच नव्हता, ओरडले, "अरे डावीकडे बघा!" २ सेकंद शांतता. मग एक पोरगा म्हणाला, "ताई, तू भिंत घाल, मी भालेवाले पाठवतो." बस, एवढंच. त्या दिवसापासून माइक चालू आहे. कुकर झाला, येते परत.

नौपाडकर
ताई, काटा आला वाचून.

वाशीचा_घोडा
मी बुद्धिबळवाला, चालेल ना? दहावीपर्यंत कॉम्प्युटरशीच खेळलो. मग लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर आलो, फुकट आहे, जाहिराती नाहीत. हरल्यावर समोरच्याबरोबर तोच डाव परत मांडून बघता येतो. मला ते जिंकण्यापेक्षा आवडतं. एका आजोबांशी कायम १ डाव चालू असतो, पूर्ण व्हायला आठवडा लागतो. मध्ये ४ दिवस त्यांची चाल आली नाही तेव्हा झोप लागली नव्हती. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं त्यांचं.

ऐरोली_सेक्टर८
आता बरे आहेत ना आजोबा?

वाशीचा_घोडा
एकदम. काल वजीर मारला माझा.

गडकोट_७७
२०१३ ला गेममध्ये 'इंडियन्स' आले तेव्हा अख्खा देश एकाच टोपलीत. २०२२ च्या डायनॅस्टीज ऑफ इंडिया या जोड-भागामध्ये बंगाली, द्रविडियन, गुर्जर वेगळे झाले. मराठे कधी?

नौपाडकर
दुसऱ्या भागाचा काळ साधारण १६०० च्या आसपास संपतो, महाराजांचा जन्म १६३० चा. पण गडांचा नकाशा बनवता येतो. गेममध्येच नकाशे बनवायचा सिनारियो एडिटर आहे की.

गडकोट_७७
बनवलाय! डोंगर, ३ दरवाजे, चोरवाट. एकट्यासाठीच बनवला होता, कुणाला दाखवला नाही.

मेथीची_जुडी
टाका ना इथे. कोणता गड?

गडकोट_७७
राजगड. बालेकिल्ल्याची चढण अजून नीट जमत नाहीये, उतार फार सपाट होतो.

एक_आई_नेरुळ
माझा मुलगा दिवसभर खोलीत इंग्रजीत बोलत बसायचा, मी वैतागायचे. मागच्या पावसात ट्रेन बंद पडल्या, हा ठाणे स्टेशनवर अडकला, तेव्हा त्याच्याच ग्रुपमधल्या एका मुलाने घरी नेलं, जेवू घातलं. दोघं आधी भेटलेही नव्हते. त्या मुलाच्या आईचा आणि माझा आता रोज फोन असतो. गेम कुठला ते विचारायला हवं मुलाला.

नौपाडकर
शनिवारी रात्री १० ला ४ विरुद्ध ४ आहे, एक जण कमी पडतोय. ताई येणार?

मेथीची_जुडी
साडेदहा करा. पोरगी झोपली की येते.

गडकोट_७७
तोवर चढण करतो.