युद्धकाळातील रेल्वे मासिकांच्या जतनासाठी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार.

मी वास्कोचा रहिवासी आहे. गेल्या चतुर्थीपूर्वी घराची आवराआवर करताना दिवंगत मामांची एक पत्र्याची पेटी उघडली, तेव्हा तीत १९४० ते १९४५ या काळातील रेल्वेविषयक इंग्रजी मासिकांचे साठेक अंक निघाले. मुरगाव ते कॅसलरॉक या मार्गावर मीटर गेज गाड्या धावत होत्या तेव्हापासूनच मामांना हे वेड होते. अंक दोनच नियतकालिकांचे आहेत: लंडनचे ‘द रेल्वे मॅगझिन’ आणि नोव्हेंबर १९४० मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथे सुरू झालेले ‘ट्रेन्स’.

लंडनच्या मासिकाचे १९४२ नंतरचे निम्मे अंक गहाळ आहेत, अशी माझी प्रथम समजूत झाली आणि ते शोधण्यासाठी मी विक्रेत्यांना पत्रे लिहायलाही बसलो होतो. नंतर मुखपृष्ठे नीट पाहिली, तर त्यांवर दोन-दोन महिन्यांची नावे एकत्र छापलेली होती. कागदाच्या टंचाईमुळे ते मासिक त्या काळात दर दोन महिन्यांनी निघत होते. (संग्रह करणाऱ्या इतरांचा पैसा वाचावा म्हणून हे नमूद करतो.)

खरी अडचण जतनाची आहे. फोंड्यातील एका बांधणी कारागिरांचे म्हणणे असे की, कडा कापून, मुखपृष्ठे व जाहिरातींची पाने काढून टाकून वर्षवार खंड बांधावेत. मला हे पटत नाही. एक तर ‘ट्रेन्स’चा त्या वेळचा खंड नोव्हेंबरपासून ऑक्टोबरपर्यंत चाले, त्यामुळे जानेवारी-डिसेंबर अशी बांधणी केल्यास क्रमच मोडेल. शिवाय युद्धकाळ मला लेखांपेक्षा जाहिरातींतच अधिक दिसतो. एरवी प्रवाशांना बोलावणारी रेल्वे तेव्हा ब्रिटनमध्ये ‘तुमचा प्रवास खरोखरच आवश्यक आहे का?’ असे लोकांना विचारत होती. ती पाने रद्दीत कशी घालावीत?

बहुतेक अंकांचा कागद लाकडाच्या लगद्याचा असल्यामुळे आम्लाने पिवळा व ठिसूळ झाला आहे आणि गंजलेल्या पिनांभोवती तपकिरी डाग पसरले आहेत. त्यातल्या त्यात साध्या दोन अंकांच्या पिना मी बोथट सुरीने उचकटून पाहिल्या. एक अंक सुखरूप सुटला, दुसऱ्याची मधली घडीच तुटली. म्हणून उरलेल्यांना हात लावलेला नाही.

गंजलेल्या पिना काढून जुन्याच छिद्रांतून सुती दोरा ओवावा, की पाने सुटी ठेवून आम्लरहित कागदाच्या वेष्टनात गुंडाळावीत? पीव्हीसीच्या पिशव्या कागदाला घातक असतात हे मला ठाऊक आहे. परंतु पॉलिएस्टरच्या पाकिटांत आपल्याकडच्या पावसाळ्यात आत ओल कोंडून बुरशी धरते का, याचा प्रत्यक्ष अनुभव कोणाला आहे का? कपाट बाहेरच्या भिंतीपासून दूर हलवले आहे आणि सिलिका जेलच्या पुड्याही ठेवल्या आहेत, तथापि कसर अजून अधूनमधून दिसते. डांबराच्या गोळ्या कागदाजवळ ठेवण्याची माझी इच्छा नाही. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी हे उपाय कृपया सुचवू नयेत.

गोव्यात किंवा बेळगाव, कोल्हापूरपर्यंत जुन्या कागदाचे काम जाणणारे कोणी असल्यास तेही कळवावे. जूनचा पाऊस सुरू होण्यापूर्वी निदान १९४२ ते १९४४ चे अंक मार्गी लावायचे आहेत.