पॉप-अप ट्रक कॅम्परमध्ये चौथ्या माणसाची झोपायची जागा

प्रश्न: कोलोरॅडोत राहतो. पिकअपवर पॉप-अप कॅम्पर आहे, म्हणजे मागच्या हौद्यावर बसणारी, छत वर उचलता येणारी झोपायची खोली. केबिनवरच्या पलंगावर आम्ही दोघं, टेबल उतरवून केलेल्या बिछान्यावर धाकटी. थोरला ९ वर्षांचा, वजन २८ किलो. त्याला कुठे झोपवावं?

उत्तर १: टेबलाच्या बिछान्याच्या वर, थोडी उंचावर, दोन लांब पाइपांवर ताणलेली कॅनव्हासची झोळी आडवी टांगा. भिंतीचा वरचा भाग कापडी असतो, त्यामुळे आधार खालच्या कडक भिंतीलाच द्यायचा, तोही आतल्या फ्रेममध्ये. नुसत्या पातळ प्लायवूडमध्ये मारलेला स्क्रू रात्रीतून उपटून येतो. फ्रेम ॲल्युमिनियमची असेल तर रिव्हेट नट (पातळ धातूच्या भोकात घट्ट बसणारा, आतून आटे असलेला नट) बसवून ६ मिमीचे बोल्ट लावा. झोळीच्या दोन लांब पाइपांना टोकांशी आडवे पाइप हवेतच. ते नसले की वजनाने लांब पाइप एकमेकांकडे ओढले जातात आणि मूल कापडात गुंडाळलं जातं. पडू नये म्हणून कडेला उंच पट्टी शिवून घ्या. छत उतरवण्याआधी झोळी काढावीच लागते.

उत्तर २: वरच्या गादीवर जादा उशा-पांघरुणं ठेवून छत दाबून बंद करू नका, छताच्या कड्या नीट लागत नाहीत.

आणि आधी पिकअपच्या दाराच्या चौकटीवरचा पेलोडचा, म्हणजे गाडी जास्तीत जास्त किती वजन वाहू शकते त्याचा आकडा बघा. २० गॅलन पाण्याचंच ७५ किलो होतं. माणसं, कॅम्पर, सामान सगळं त्याच आकड्यात बसायला हवं.

चौघांच्या श्वासाने गादीखाली ओल धरते. खाली जाळीदार थर घाला, छताची खिडकी थोडी उघडी ठेवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना, तेही तपासा.